शिळ्या सणाची दरफाळणी

भाऊ, तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले आणि माझा तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. माणूस गेल्यावर त्याचं चांगलं तेवढं आठवावं म्हणतात. मलाही आठवतं, पण मध्येच ते दुसरं डोकं वर काढतं. जाण्याआधी तुम्ही एक काम माझ्या गळ्यात मारून ठेवलंत, आणि तेही अर्धवट सांगून. चाळीस वर्षं जे तुमच्या तोंडातून निघालं नाही, ते तुमच्या माघारी तुमच्या लोकांना मी सांगायचं. मी, जिला तुमच्या धर्मातलं ओ की ठो कळत नाही. काल रविवारी दीपनगरला जाऊन आले. सांगितलं एकदाचं. काय झालं ते तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसलेय, पण सरळ मुद्द्यावर येईन तर मी वत्सला चौधरी कसली, हे तुम्हीच ऑफिसभर सांगत फिरायचात.

भुसावळच्या रेल्वे ऑफिसात मी कारकून म्हणून लागले तेव्हा तुम्ही आमचे हेडक्लार्क होतात. बेन्यामिन हे नाव ऐकून मी तुम्हाला ख्रिश्चन समजले आणि डिसेंबर आला तशी तुमच्या टेबलाशी जाऊन केक कधी आणताय म्हणून विचारलं. तुम्ही चष्मा काढून सावकाश पुसलात. म्हणालात, आम्ही ज्यू, बेने इस्रायल. घरी मराठीच बोलतो. वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी आम्हाला शनवार तेली म्हणायचे. मी म्हटलं, म्हणजे तेलीच की. तुम्ही इतके हसलात की शेजारच्या सेक्शनमधले लोक उठून बघायला आले. त्या दिवशी माझे प्रश्न जे सुरू झाले ते शेवटपर्यंत संपले नाहीत. पुढे माझं लग्न झालं आणि आम्हाला क्वार्टर मिळालं तेही तुमच्या भिंतीला भिंत लागून. एस्तेरवहिनी म्हणायच्या, तुमच्या नशिबात ही पोर लिहिलेलीच होती, आता भोगा.

पहिला प्रश्न आठवतो का? तुमच्या लोकांचं सगळं धर्मकार्य तुम्हीच करता, मग तुम्हाला रब्बी का म्हणत नाहीत, हा. तुम्ही म्हणालात, रब्बी म्हणजे शास्त्र शिकलेला माणूस, मी मॅट्रिक आणि टायपिंग. खानदेशात तुमची घरं किती, तर भुसावळ, दीपनगर, जळगाव, अमळनेर आणि धुळे मिळून सात. सात घरांसाठी मुंबईहून कोण येऊन राहणार? मग हे काम तुमच्याकडेच कसं आलं म्हणून विचारलं, तर तुमचं उत्तर असं, की माझ्याकडे रेल्वेचा पास आहे. मला ती थट्टा वाटली होती. नंतर कळलं की खरंच तसं होतं. अमळनेरला कुणाकडे पाहुणे आले की धर्माच्या रीतीनं कोंबडी कापायला तुम्ही पॅसेंजरनं जायचात, सुरी मऊ फडक्यात गुंडाळून पिशवीत. कापण्याआधी तिची धार नखावरून फिरवून बघायची आणि बारीकशी खाच जरी लागली तरी कोंबडी वाचली. एकदा जळगाव स्टेशनावर पोलिसानं पिशवी उघडायला लावली होती. तुम्ही त्याला सगळा धर्म समजावून सांगितलात आणि तोवर तुमची गाडी निघून गेली. त्या दिवशी अमळनेरच्या पाहुण्यांना वांग्याच्या भरितावर भागवावं लागलं.

बाकी सगळं त्या जाड वहीतून चालायचं. तुमच्या वडिलांनी हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या. तुम्हाला हिब्रू वाचता यायचं, पण वहीवर तुमचा जास्त विश्वास होता. लग्न असो की माती, की गोड पोह्यांच्या मलिद्याचं ताट समोर ठेवून एलिजा पैगंबराचं नाव घ्यायचं असो, वही उघडायची. याचा अर्थ काय, असं मी विचारलं की अर्ध्या ओळींचा अर्थ तुम्ही सांगायचात आणि उरलेल्या अर्ध्यांना म्हणायचात, हे बाबांनी सांगितलं नाही. न कळणारं इतकी वर्षं माणूस चुकीशिवाय म्हणतो कसा, याचं मला नवल वाटायचं. मग लक्षात आलं, आमचे भटजी तरी काय वेगळं करतात!

दर पावसाळ्याच्या अखेरीला तुम्ही सात पोस्टकार्डं लिहायला बसायचात. मुंबईहून तुमचं छापील पंचांग यायचं, त्यातले सण आपल्या कॅलेंडरात कुठे पडतात ते बघून तुम्ही घरोघर कळवायचात. नव्याचा सण अमक्या तारखेला, दरफाळणी तमक्या. दरफाळणी हे नाव मला भारी आवडलं होतं. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, अन्न नाही की पाणी नाही, संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत देवापुढे उभं राहून वर्षभराची माफी मागायची. पुस्तकातलं नाव किप्पूर, पण तुम्ही घरात दरफाळणीच म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही मला ओळखसुद्धा दाखवायचा नाहीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा मात्र वहिनी नारळाच्या दुधातला हलवा घेऊन स्वतः माझ्याकडे यायच्या. आणि आणखी एक गंमत मीच शोधून काढली होती. तुमची दरफाळणी पुष्कळदा आमच्या दसऱ्याच्याच आसपास यायची. दोघांचीही दशमी. मी मोठ्या ऐटीत तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, चंद्र एकच आहे, वत्सलाबाई, त्यात शोध कसला?

तुम्ही माणसं मोजायचा नाहीत, हेही मी असंच एकदा पकडलं. एका सणाला तुमच्या पुढच्या खोलीत पुरुष जमले होते आणि तुम्ही दारात उभे राहून एकेकाकडे बघत काहीतरी पुटपुटत होतात. नंतर विचारलं. एक, दोन, तीन म्हणून माणसं मोजायची नसतात, असं तुमच्यात मानतात. त्याऐवजी दहा शब्दांचा एक श्लोक आहे, एका माणसाला एक शब्द. श्लोक पुरा झाला की दहा झाले. त्या दिवशी किती शब्द झाले, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, सात. भुसावळला तो श्लोक नेहमी सहाव्या नाहीतर सातव्या शब्दावर थांबायचा.

दहाचं एवढं कौतुक का, ते मला एझ्रा गेला तेव्हा समजलं. एझ्रा म्हणजे शालोमनाना आणि रिबकाअक्कांचा थोरला. इंजिनावर फायरमन होता, चोवीस-पंचवीसचा. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेला. मातीला तुमचे पुरुष सहा. तुम्ही वहीतून सगळं वाचलंत आणि एका जागी येऊन वही मिटलीत. शालोमनाना तुमच्याकडे बघत राहिले. तिथे कद्दीश म्हणायचं असतं आणि त्याला दहा पुरुष लागतात. मी नंतर तुमच्याशी भांडले. सहा माणसांचं ऐकणारा देव दहासाठी अडून बसतो का? तुम्ही म्हणालात, ते मला माहीत नाही, पण माझे वडील कधी कमी माणसांत म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. मग मी कद्दीशचा अर्थ विचारला. मेलेल्यासाठी म्हणायचं, पण त्यात मरणाचं नाव नाही, नुसती देवाची थोरवी. पोटचा पोरगा गेल्यावर बापानं उभं राहून देवाची थोरवी सांगायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मला ते भयंकर वाटलं होतं. अजूनही मला ते धड समजलेलं नाही.

पुढे वर्षभर नाना तुमच्या ओट्यावर येऊन बसायचे. फार बोलायचे नाहीत. उठताना एकच म्हणायचे, बेन्यामिन, माझ्या पोराचं राहिलं. तुम्ही दोनदा सगळ्यांना बोलावून पाहिलंत. एकदा सात आले, एकदा आठ. कुणाची पाळी, कुणाचा पाय मोडलेला, धुळ्याची एसटी वाटेत बंद पडलेली. माणसं वाईट नव्हती. नोकरदार होती.

आणि मग त्या वर्षीची दरफाळणी आली. तुमच्या पोस्टकार्डांवर जी तारीख होती ती दसऱ्याचीच. सगळ्यांना आपोआप सुट्टी. सकाळपासून तुमच्याकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत होती. मी दाराला तोरण बांधता बांधता बघत होते आणि, माफ करा, मोजत होते. दहा. दुपार कलल्यावर भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. अडखळत, रडत, पण न थांबता काहीतरी म्हणत होता. मध्ये मध्ये बाकी सगळ्यांचं आमेन. मी हातातलं काम ठेवून भिंतीला कान लावला, लाज सोडून. त्यानंतर चार महिन्यांनी नाना गेले. भुसावळला पुन्हा कधी दहा जमले नाहीत. घरं एकेक करून मुंबईला गेली, इस्रायलला गेली.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते तुम्ही तीन वर्षांपूर्वी सांगितलंत. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुम्ही आणि मी दोघंही निवृत्त, कॉलनी सुटलेली, पण घरं जवळच घेतलेली. दुपारची वेळ. ओसरीवर मी तुरीच्या शेंगा सोलत होते आणि तुम्ही नुसतेच बसला होतात. दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशीही तुम्ही दरवर्षी उपाशी का राहता, हे मी पन्नासाव्यांदा विचारलं. शिळ्या सणाला कुणी उपास करतं का? वहिनी हलवा वाटायच्या आणि तुम्ही तोंडाला लावायचा नाहीत. नेहमी तुम्ही विषय बदलायचात. त्या दिवशी बोललात. नानांच्या त्या वर्षी तुमची चूक झाली होती. पंचांगात एक ओळ खालची वाचली आणि तारीख एक दिवस पुढची कळवली. खरी दरफाळणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती. सात घरांनी तुमच्यावर विसंबून वर्षातला सगळ्यांत मोठा उपास मोडला आणि शिळ्या दिवशी दारं लावून घेतली.

मी म्हटलं, सांगून टाका की. उरलीत किती माणसं? रिबकाअक्का आहेत, हानोख आहे. हानोख म्हणजे नानांचा धाकटा, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला. त्याचं नाव ऐकल्यावर तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. तुमच्या लोकांत हानोखएवढा कडक माणूस नाही. एकदा तुम्ही शब्बाथ सुरू होतानाचा शुक्रवारचा दिवा पाच मिनिटं उशिरा लावलात तर त्यानं सगळ्यांदेखत घड्याळ दाखवलं होतं.

तुम्ही म्हणालात, माणसानं माणसाचं केलेलं देव परस्पर माफ करत नाही. ज्याचं केलं त्याच्याकडे जावं लागतं. मी म्हटलं, मग जा ना, अडवलंय कोणी? त्यावर जे बोललात ते मी विसरणार नाही.

"मी समोर असताना सांगितलं तर ते मला माफ करतील, वत्सलाबाई. तोंडावर कोण नाही म्हणणार? तसली माफी मला नको. मी गेल्यावर सांगा. मग ज्याला रागवायचं त्याला मोकळेपणी रागावता येईल."

मी तुम्हाला भित्रे म्हटलं. होय, म्हटलं. तुम्ही शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलंत आणि घरी गेलात. त्यानंतर तीन वर्षं आपण कांद्याच्या भावापासून जगाच्या पाठीवरच्या लढायांपर्यंत सगळ्यावर वाद घातला, पण या विषयावर नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत आणि मी हो म्हणाले नाही. आता वाटतं, निदान भित्रे म्हटल्याबद्दल तरी काहीतरी बोलायला हवं होतं.

तुम्ही सोमवारी सकाळी गेलात, संध्याकाळच्या आत माती झाली. पुरुष चार. वही या वेळी हानोखच्या हातात होती, आणि त्यानंही ती त्याच जागी येऊन मिटली. तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की काही सांगायचं नाही. चूक म्हातारी झाली, चुकणारा गेला, आता कशाला उकरायचं?

पण त्याच आठवड्यात शनिवारी हानोख तुमच्या घरी आला होता. कुणाकुणाला कळवायचं राहिलं त्यांची नावं मी त्याला लिहून घे म्हटलं. तो म्हणाला, मावशी, अजून तारे दिसले नाहीत, शब्बाथ संपला की लिहितो. मी विचारलं, लिहिण्यात कसलं काम? तो म्हणाला, लिहिणं हे कामच धरतात, शब्बाथला नाही आणि दरफाळणीला तर मुळीच नाही. बघा भाऊ, इतक्या वर्षांत मी तुम्हाला हजार गोष्टी विचारल्या आणि हीच राहिली होती. शनिवारी तुम्ही ऑफिसात यायचात, नाइलाजानं लिहायचात, मनात कुढायचात हे मला माहीत होतं. ते कुढणं कशाचं, तेवढं विचारलं नव्हतं.

आणि मला अंगठा आठवला.

नानांच्या त्या वर्षी खंडेनवमीला आपल्या ऑफिसात नेहमीसारखी पूजा होती. टाईपरायटरला झेंडूची माळ, कपाटाला हळदकुंकू. तुमच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. नखुरडं झालंय म्हणालात, आणि गार्ड लोकांच्या ड्युटीचं तुमचं रजिस्टर दिवसभर मला भरायला लावलंत. मी कुरकुर केली होती म्हणून पक्कं लक्षात आहे. पेढा दिला तो तुम्ही खिशात ठेवलात. चहा परत केलात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत, ऑक्टोबरच्या त्या उन्हात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तुमच्या खोलीत दहा माणसं होती आणि सायंकाळी दार उघडलंत तेव्हा अंगठ्याला चिंधीही नव्हती, जखमही नव्हती.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. खरी दरफाळणी नवमीलाच आहे हे ठाऊक असून तुम्ही ती एकट्यानं, ऑफिसच्या खुर्चीवर बसून, अंगठा बांधून पाळलीत. आणि सात घरांना मुद्दाम दसऱ्याची तारीख कळवलीत, कारण दसऱ्याला सुट्टी असते आणि सुट्टीला दहा जमतात. नानांच्या कद्दीशसाठी तुम्ही देवाचा दिवस सरकवलात. आणि मला मात्र सांगितलंत काय, तर एक ओळ खालची वाचली!

त्या शनिवारपासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. चूक झाली असं सांगितलं की माणसाची कीव येते. मुद्दाम केलं म्हटलं की हिशेब वेगळा होतो. मरणानंतरची माफी मागतानाही तुम्ही अर्धंच का मागत होतात? की खरं सांगितलं असतं तर नानांवर बोट गेलं असतं, त्यांच्यापायी सगळ्यांचा उपास मोडला असं झालं असतं, म्हणून? दसऱ्याला वेगळं बोलावलं असतं तर, असंही मी तुम्हाला विचारते आणि तुमच्या वतीनं उत्तरही मीच देते, की आदल्या दिवशी उपाशी राहिलेला माणूस धुळ्याहून दुसऱ्या दिवशी एसटीनं येत नसतो. मला खरंच जाणून घ्यायचंय. कार्डं लिहिताना एकदा तरी थांबला होतात का?

आता गप्प बसणं मला जमेना. चूक झाली एवढंच सांगितलं असतं तर मी तुमचं खोटं पुढे चालवलं असतं. आणि खरं सांगावं तर हानोखपुढे तुमचं नाव काय राहणार? तुमच्या मातीवर दगड बसवायचा म्हणून तो स्वतः जळगावला जाऊन दगड बघून आला होता. दोन आठवडे मी हेच घोळवत होते. शेवटी ठरवलं, तुम्ही जे सांगितलंत तेही सांगायचं आणि मी जे पाहिलं तेही. रागवायचं असेल तर पुऱ्या गोष्टीवर रागवा म्हणावं.

काल दुपारी दीपनगरला गेले. रिबकाअक्का आता नव्वदीच्या. खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या मूळ धुळ्याच्या, त्यामुळे अजून अहिराणीच बोलतात, तुमच्या सगळ्या गोतात त्या एकट्याच. हानोखनं समोर पोहे-नारळ-खजुराचं ताट ठेवलं. मी हात लावला नाही, आधी बोलते म्हटलं. सगळं सांगितलं, पोस्टकार्डांपासून अंगठ्यापर्यंत.

हानोख म्हणाला, "आदल्या दिवशी दुपारी मी जेवलो होतो. दोनदा मागून घेतलं होतं." सोळा वर्षांचा होता तो तेव्हा. उपास सुरू होण्याआधी पोटभर जेवायचं म्हणून चारच्या सुमाराला सगळं घर जेवायला बसलं होतं, खऱ्या दरफाळणीच्या दिवशी. आयुष्यात एकही उपास चुकवला नाही म्हणून सांगणारा माणूस तो. नानाही आठवले असणार त्याला, त्यांची ती शेवटचीच दरफाळणी. उठला आणि बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, भाऊ, झालं, तुम्हाला हवा होता तो राग हाच. मी पिशवी उचलली.

अक्कांनी माझा हात धरला.

"शुक्रवारले दरफाळणी कवयच येत नही, वत्सला," त्या म्हणाल्या. "मंग शनवारनं रांधानं कवय?"

मला समजेना. त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. त्या वर्षी दसरा शुक्रवारी होता. दरफाळणीला चूल पेटवायची नाही आणि शनिवारीही पेटवायची नाही. दोन्ही लागून आले तर बायकांनी रांधायचं कधी? म्हणून तुमच्या पंचांगात दरफाळणी शुक्रवारी कधी येतच नाही. पुरुषांनी कार्डावरची तारीख वाचली, अक्कांनी वार वाचला. कार्ड हातात आलं त्याच दिवशी त्यांना कळलं होतं.

"मी बठ्ठासले मन्हा हातवरी वाढं," त्या म्हणाल्या. "मी नही खादं. पोट दुखस म्हनी सांगं. मन्हा एझ्रानं कद्दीश व्हवाले जोयजे व्हतं."

त्या गुरुवारी, भाऊ, भुसावळात दोन माणसं उपाशी होती. तुम्ही अंगठा बांधून ऑफिसात, आणि अक्का पोट दुखतंय सांगून चुलीशी. नवऱ्याला आणि पोराला त्यांनी जाणूनबुजून जेवू घातलं, कारण ही बाई बोलली असती तर दसऱ्याला कुणी आलं नसतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि त्या तुमच्यापासून. चाळीस वर्षं एकमेकांना हलवा दिलात, खुशाली विचारलीत, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. अक्का म्हणत होत्या, त्यानं माझी माफी कशाला मागायची, मीच त्याची मागायला हवी होती, त्याच्या एकट्याच्या माथी पाप राहू दिलं. मी त्यांना म्हटलं, अक्का, त्यांना वाटायचं कुणालाच माहीत नाही. त्यावर त्या रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू. तुम्हाला एवढं कळायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला हाताला धरून दीपनगरला नेलं असतं तर कळलंही असतं, आणि हे माझ्याकडून राहिलं.

हानोख कधी आत आला होता कळलं नाही. दाराशी उभा राहून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेला. त्यावर तुमच्या तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेची खूण त्यानंच लाल पेननं केलेली होती.

"तिसावा मंगळवारी येतो," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "मंगळवारी पुन्हा आम्ही चारच असू. रविवारी ठेवू."

मग खुर्ची ओढून फोनपाशी बसला. आधी धुळ्याला लावला, मग नाशिकला, मग ठाण्याला कुणी भाचे आहेत त्यांना. प्रत्येकाला तेच सांगत होता, सुट्टी आहे, सकाळच्या गाडीनं निघा, बेन्यामिनकाकांसाठी या. मी निघाले तेव्हा तो मुंबईचे नंबर शोधत होता.

भाऊ, येत्या रविवारी तुमचं कद्दीश आहे. दोन दिवस आधी.